मराठी ई-अध्ययनसामग्री : उपलब्धता आणि शोधसुलभता – एक चिकित्सा

बीजसंज्ञा : ई-अध्ययनसामग्री, शोधसुलभता, युनिकोड, सामान्यरूप, परिभाषा, सूची

प्रस्तावना :

मार्च २०२० मध्ये महाविद्यालयांचे वर्ग बंद झाले आणि मराठी माध्यमातून शिकविणाऱ्या प्राध्यापकांनी अल्पावधीत मोठ्या प्रमाणावर ध्वनिचित्रफिती, टिपणे व प्रश्नसंच संगणकावर आणले. पुढे या सामग्रीची नोंद मूल्यांकनाच्या कागदपत्रांत झाली. दुव्यांच्या याद्या तयार झाल्या. या सर्व व्यवहारात ‘किती सामग्री निर्माण झाली?’ हा प्रश्न वारंवार विचारला गेला. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याला त्यातील एखादी संकल्पना हवी असता ती त्याला सापडते काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. ‘युनिट १’, ‘नोट्स नवीन’, ‘नोट्स नवीन अंतिम’ अशा नावांच्या धारिकांच्या ढिगातून विद्यार्थ्याने काय शोधावे? ग्रंथालयात तालिकीकरणाशिवाय पुस्तक कपाटात ठेवण्याची कल्पनाही न करणारी महाविद्यालये संगणकाच्या बाबतीत इतकी उदार कशी झाली, याचे आश्चर्य वाटते.

दिसणारे अक्षर आणि साठविलेले अक्षर :

पहिली अडचण लिपीच्या साठवणुकीची आहे. युनिकोडपूर्व काळातील मराठी टंकांमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसविलेले असत. पडद्यावर ‘अर्थशास्त्र’ दिसे, परंतु संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक जुळणी असे. या टंकांत जुळविलेली टिपणे पीडीएफ स्वरूपात आजही विद्यार्थ्यांच्या हाती पडतात. ती वाचता येतात, छापता येतात. शोधता मात्र येत नाहीत. यातील विसंगती अशी की, देवनागरीसाठी प्रमाण संकेतप्रणालीची उणीव त्या काळीही नव्हती. भारतीय मानक म्हणून ‘इस्की’चा स्वीकार १९९१ साली झाला आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. छपाईपुरता विचार करणाऱ्या सवयीने मानकावर मात केली, असेच म्हणावे लागते.

पुस्तकाच्या पानांची छायाचित्रे काढून केलेल्या पीडीएफची स्थिती याहून वेगळी नाही. त्यांवर अक्षरओळख प्रणाली चालविता येते. टेसरॅक्टसारख्या मुक्त प्रणालीत मराठीची सोय आहे. परंतु पान तिरके असेल, शाई फिकट असेल, तर ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल होते, आणि ‘भार’ शोधणाऱ्यास ‘मार’ झालेली ओळ सापडत नाही.

युनिकोडमध्ये लिहिले म्हणजे प्रश्न सुटला, असा एक समज रूढ आहे. तोही तपासून घ्यावा लागेल. ‘वाऱ्याचे’ या शब्दातील अर्धा रकार दोन प्रकारे टंकित होतो : नुक्तायुक्त ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. दोन्हींचे दृश्यरूप एकच, अंतर्गत संकेत भिन्न. भूगोलाच्या टिपणात एक पद्धत आणि विद्यार्थ्याच्या कळफलकावर दुसरी असेल, तर ‘वाऱ्याचे कार्य’ हा घटक समोर असूनही शोधाचे उत्तर शून्य येते. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी ‘अ’वर चंद्र जोडून ते लिहिले जाई आणि अनेक जण अजूनही तसेच लिहितात. त्यामुळे रसायनशास्त्रातील ‘ॲसिड’ही दोन झाले. दोन्ही रूपे शोधापूर्वी एकाच रूपात आणणे ही संगणक विभागाच्या दृष्टीने सामान्य बाब आहे. कोणी मागणी केली नाही म्हणून ती झाली नाही.

सामान्यरूपाचा पेच :

खरी गुंतागुंत मराठीच्या व्याकरणात आहे. इंग्रजी सामग्रीसाठी रचलेली शोधपद्धती मराठीस लावली की ती येथे अडखळते. हिंदीत ‘पानी का’, ‘पानी में’ असे परसर्ग सुटे राहतात व मूळ शब्द अबाधित असतो. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतोच, शिवाय त्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते. ‘पाणी’चे ‘पाण्याचे’, ‘मृदा’चे ‘मृदेची’, ‘जमीन’चे ‘जमिनीचा’, ‘पीक’चे ‘पिकांवर’. कृषी-अर्थशास्त्राच्या एखाद्या प्रकरणात पिकांचीच चर्चा असूनही ‘पीक’ हा शब्द जसाच्या तसा फार थोड्या वेळा येतो. तेव्हा अक्षरशः जुळणी पाहणाऱ्या शोधाला ते प्रकरण पिकांविषयी आहे हे उमगतच नाही. शेवटचा प्रत्यय कापून टाकला की काम झाले, असेही नाही. ‘पिकांवर’मधून ‘वर’ काढल्यावर उरणारे ‘पिकां’ हे ‘पीक’ नव्हे. उपान्त्य स्वर दीर्घ करण्याचा नियमही यंत्राला शिकवावा लागतो, आणि ‘शरीर–शरीराचा’ यांसारख्या तत्सम शब्दांत दीर्घत्व टिकते हा अपवादही.

उलट बाजूचा दोष तितकाच त्रासदायक आहे. राजस्वाचा अभ्यास करणाऱ्याने ‘कर’ शोधला, तर ‘करणे’, ‘करार’, ‘प्रकरण’, ‘शेतकरी’ अशी सारी मंडळी हजर होतात. शेकडो निरुपयोगी उत्तरे मिळणे आणि एकही न मिळणे, यांत विद्यार्थ्याच्या दृष्टीने फरक तो काय? भारतीय भाषांतील माहितीशोधाच्या मूल्यमापनासाठी २००८ साली झालेल्या ‘फायर’ उपक्रमात मराठी वृत्तपत्रीय मजकुराचा संग्रह समाविष्ट होता. म्हणजे संशोधकांनी हा प्रश्न हाती घेतला त्याला दीर्घ काळ लोटला. ते ज्ञान महाविद्यालयीन सामग्रीपर्यंत फारसे झिरपलेले दिसत नाही. मूडल या बहुप्रचलित प्रणालीत २०१६ च्या ३.१ आवृत्तीपासून सर्व अभ्यासक्रमांत एकत्रित शोध घेण्याची सोय आहे, पण ती व्यवस्थापकाने कार्यान्वित करावी लागते, आणि केली तरी मराठी सामान्यरूपाचा पेच आपोआप सुटत नाही.

एक संकल्पना, अनेक नावे :

व्याकरणानंतर परिभाषा. वर्तमानपत्र वाचणारा विद्यार्थी ‘महागाई’ शोधतो. टिपणात ‘चलनवाढ’ असते, दुसऱ्या प्राध्यापकांच्या टिपणात ‘भाववाढ’, तिसऱ्यांच्या टिपणात ‘चलनफुगवटा’. या संज्ञांत अर्थच्छटांचा भेद आहे व तो शिकविलाच पाहिजे. परंतु तो भेद शिकण्यासाठी विद्यार्थी त्या पानापर्यंत पोहोचावा लागतो. येथे एक पूर्वोदाहरण आठवण्याजोगे आहे. मराठी विश्वकोशाचा परिभाषासंग्रहाचा खंड १९७३ साली प्रसिद्ध झाला आणि नोंदींचा पहिला खंड त्यानंतर, १९७६ साली. आधी संज्ञा निश्चित करावयाच्या व मग लिहावयाचे, ही तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखालील शिस्त होती. ई-सामग्रीच्या निर्मितीत हा क्रम पाळला गेला नाही.

ध्वनिचित्रफितींबाबत अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही. पाऊण तासाच्या व्याख्यानात हवा तो मुद्दा कोणत्या मिनिटास आला, हे लिखित प्रतीवाचून कळत नाही. २००३ साली सुरू झालेल्या एनपीटीईएलने व्याख्यानांच्या लिखित प्रती दिल्या, हे त्या उपक्रमाच्या उपयुक्ततेचे एक मोठे कारण होय.

दोन आक्षेप :

शोध सुलभ झाला की विद्यार्थी सलग वाचणार नाही, हवा तो परिच्छेद उचलेल, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्यांश आहे. तथापि ग्रंथाच्या अखेरीस सूची दिल्याने ग्रंथवाचन बंद पडले, असे कोणी म्हटलेले नाही. दिवसा नोकरी करून रात्री अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला सलग वाचनाचा उपदेश करणे सोपे आहे. त्याच्यापाशी असलेला एक तास शोधण्यात जातो की वाचण्यात, याचा विचार अधिक निकडीचा. मराठीत उत्तर सापडले नाही, तर तो बाजारातील मार्गदर्शिकेकडे वळतो.

दुसरा आक्षेप नवा आहे : अर्थावरून शोध घेणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली असता ही खटपट कशाला? अशी साधने ‘महागाई’ आणि ‘चलनवाढ’ यांचा संबंध ओळखू शकतात, सामान्यरूपांचा अडथळाही पुष्कळ अंशी ओलांडतात. परंतु जुन्या टंकातील निरर्थक जुळणीतून वा नाव नसलेल्या छायाचित्रांतून त्यांनाही अर्थ काढावयाचा तर आधी मजकूर मिळाला पाहिजे. तो पुरविणे हे लेखक-प्राध्यापकाचेच काम राहते.

आणि हे काम अवाढव्य नाही. मजकूर युनिकोडमध्ये, धारिकेचे नाव घटकाच्या नावावर, प्रत्येक उपघटकास शीर्षक, आणि घटकाच्या आरंभी पंधरा-वीस संज्ञांची यादी, ज्यात प्रचलित पर्यायी शब्द व इंग्रजी संज्ञेचे देवनागरी रूपही असेल. इतके केले तरी साधा शोधही पुष्कळ अंशी उपयोगी पडू लागतो. अडचण श्रमांची नसून मोजमापाची आहे. नवी ध्वनिचित्रफीत केली की तिची नोंद होते. जुन्या चाळीस टिपणांची संज्ञासूची एखाद्या प्राध्यापकाने सुटीत बसून तयार केली, तर ती कोणत्या रकान्यात लिहावयाची, याचे उत्तर त्या प्रपत्रात नसते.