बँडचे प्रसिद्धी-छायाचित्र : ‘बीटल्स’च्या चार छायाचित्रांची चिकित्सा

प्रस्तावना :
संगीत ही श्राव्य कला असली तरी रसिक अनेकदा बँडचे गाणे ऐकण्यापूर्वी त्याचे छायाचित्रच पाहतो. वृत्तपत्र, भित्तिपत्रक, ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन आणि आता संगणकाचा पडदा ही या पहिल्या भेटीची ठिकाणे होत. असे असूनही प्रसिद्धी-छायाचित्र हे केवळ जाहिरातीचे साधन मानले गेल्याने समीक्षेने त्याची फारशी दखल घेतलेली नाही. एकट्या गायकाचे छायाचित्र हे व्यक्तिचित्र असते. बँडच्या छायाचित्राला मात्र आणखी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : ही माणसे एकत्र का आहेत? या उत्तराच्या खरेपणावरच अशा छायाचित्राची गुणवत्ता अवलंबून असते, हे गृहीतक ‘बीटल्स’ या ब्रिटिश बँडच्या चार छायाचित्रांच्या आधारे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. हॅम्बुर्गची जत्रा (१९६०) :
१९६० च्या शरद ऋतूत बीटल्स जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरातील क्लबांमध्ये वादन करीत होते. तेथे आस्ट्रिड किर्शहेर या तरुण छायाचित्रकार स्त्रीशी त्यांचा परिचय झाला. तिने त्यांना स्टुडिओत न नेता शहरातील जत्रेच्या मैदानावर नेले. लोखंडी सांगाडे, अवजड वाहने आणि त्यांच्यापुढे चामडी जाकिटे घातलेले, हाती वाद्ये असलेले पाच तरुण अशी ही कृष्णधवल छायाचित्रे आहेत. वाद्ये हाती असूनही वाजविण्याचा आविर्भाव नाही आणि पाहणाऱ्याला खूश करणारे हास्यही नाही. रात्र-रात्र वादन करणाऱ्या या मुलांचा थकवा आणि ताठा त्या निर्जन यंत्रांच्या सान्निध्यात आपोआप उमटतो. स्थळाची निवड हेच येथे अर्धे भाष्य आहे.

या पाचांपैकी स्टुअर्ट सटक्लिफ याने १९६१ मध्ये चित्रकलेसाठी बँड सोडला आणि एप्रिल १९६२ मध्ये वयाच्या २१ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. ऑगस्ट १९६२ मध्ये ड्रमवादक पीट बेस्ट याच्या जागी रिंगो स्टार आला. बँडच्या प्रचलित प्रतिमेतून हे दोघे पुसले गेले. परंतु ही छायाचित्रे त्यांना अन्य तिघांच्या बरोबरीने उभे करतात. प्रसिद्धीने विस्मृतीत टाकलेले प्रसिद्धीचेच एक माध्यम जपून ठेवते, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

२. जिन्याचा कठडा (१९६३) :
‘प्लीज प्लीज मी’ ही त्यांची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका २२ मार्च १९६३ रोजी प्रकाशित झाली. तिच्या वेष्टनासाठी नाट्यछायाचित्रणात नावाजलेले अँगस मॅकबीन यांनी ई.एम.आय. कंपनीच्या लंडन येथील इमारतीत खालून वर पाहत छायाचित्र घेतले. कठड्यावरून चौघे हसत खाली पाहतात. रचना उत्साही आणि चटकन लक्षात राहणारी आहे. मात्र येथे चौघांना एकत्र आणणारा दुवा म्हणजे कठडा, म्हणजेच कंपनीची वास्तू होय. परस्परांशी असलेले त्यांचे नाते चित्रात येत नाही. हे छायाचित्र चांगले आहे; परंतु कोणत्याही चार प्रसन्न तरुणांना त्या कठड्याशी उभे केले असते तरी ते जवळजवळ तसेच दिसले असते.

३. अर्धप्रकाशित चेहरे (१९६३) :
त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रॉबर्ट फ्रीमन यांनी बोर्नमथ येथील हॉटेलच्या भोजनगृहात ‘विथ द बीटल्स’ या ध्वनिमुद्रिकेसाठी छायाचित्र घेतले. साधनसामग्री अगदी मोजकी होती : खिडकीतून एका बाजूने येणारा नैसर्गिक प्रकाश, मागे गडद पडदा आणि उंच गळ्याचे काळे स्वेटर. देह अंधारात विरतात आणि चार अर्धप्रकाशित चेहरे तेवढे उरतात. अर्धा चेहरा छायेत ठेवण्याची ही रीत किर्शहेरच्या हॅम्बुर्गमधील व्यक्तिचित्रांत आधीच आलेली होती. तेव्हा श्रेयाचा काही वाटा तिच्याकडे जाणे न्याय्य ठरते.

फ्रीमन यांचे स्वतःचे कौशल्य रचनेत आहे. चौरस वेष्टनात चार चेहरे एका ओळीत नीट सामावत नाहीत. म्हणून तिघे वर आणि रिंगो खाली उजव्या कोपऱ्यात अशी मांडणी झाली. तो बँडमध्ये सर्वांत शेवटी आलेला आणि उंचीनेही लहान होता. तांत्रिक अडचणीतून निघालेला हा मार्ग बँडच्या इतिहासाशी प्रामाणिक राहतो. चौघे एकजीव दिसतात, तरी त्यांतील क्रम लपत नाही. वेशभूषेने व्यक्ती पुसली जाते, ही या चित्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. तीव्र छायाप्रकाशामुळे हे चित्र साध्या छपाईतही टिकणारे ठरले. जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेत निघालेल्या ‘मीट द बीटल्स’च्या वेष्टनावरही तेच निळसर छटेत वापरले गेले.

४. पुन्हा तोच कठडा (१९६९) :
मे १९६९ मध्ये मॅकबीन यांनी त्याच चौघांना त्याच कठड्याशी उभे करून छायाचित्र घेतले. रचना तीच, केस व दाढ्या मात्र वाढलेल्या. हे छायाचित्र १९७३ च्या दोन संकलनांपैकी उत्तरकालीन गीतांच्या संकलनावर आले, तोवर बँड फुटून तीन वर्षे झाली होती. पहिले छायाचित्र शेजारी ठेवून पाहिले असता या पुनरावृत्तीचा अर्थ पालटतो. जी मांडणी १९६३ मध्ये एकीचे आश्वासन वाटत होती, ती येथे केवळ मांडणी म्हणून उरते. दुसऱ्या छायाचित्राचे मोल प्रसिद्धीपेक्षा साक्षीचे आहे.

निष्कर्ष :
१. बँडच्या छायाचित्रात चेहऱ्यांच्या आकर्षकतेपेक्षा त्यांमधील अंतर, क्रम आणि दिशा अधिक बोलते.
२. खर्चिक साधनांपेक्षा स्थळ व प्रकाश यांची अर्थपूर्ण निवड निर्णायक ठरते. जत्रेचे मैदान आणि हॉटेलची खिडकी ही याची उदाहरणे होत.
३. हास्य हा प्रसिद्धीचा अनिवार्य घटक नाही.
४. छायाचित्रकार एकी शोधू शकतो, निर्माण करू शकत नाही. ती नसेल तर उत्तम रचनाही कालांतराने तिचा अभावच दाखविते.

प्रसिद्धीचा हेतू अल्पकालीन असतो, छायाचित्राचे आयुष्य मात्र दीर्घ असते. म्हणूनच उद्याच्या कार्यक्रमासाठी काढलेल्या चित्रावरही त्यातील माणसांशी खरे राहण्याची जबाबदारी असते. हॅम्बुर्गच्या छायाचित्रांनी ती सर्वांत अधिक निभावली, असे या चिकित्सेअंती म्हणता येते.