तंजावरच्या भिंतींवरील दोन यशोगाथा

राजप्रशस्ती म्हणजे इतिहासाचे साधन, एवढे म्हणून तिची बोळवण करण्याची रीत पडून गेली आहे. वाङ्मयप्रकार म्हणून तिची परीक्षा करावयाची, तर तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराइतके अनुकूल स्थळ क्वचितच आढळेल.

पहिला राजराज चोळ (९८५–१०१४) याने शिलालेखांच्या आरंभी ‘मेय्‌कीर्ती’ घालण्याचा प्रघात रूढ केला. लक्ष्मीप्रमाणे भूमीही राजाची पत्नी झाली, या कल्पनेने तिचा प्रारंभ होतो. पुढे वेंगी, गंगपाडी, कलिंग, ईळम अशी जिंकलेल्या देशांची मालिका येते. राज्यवर्षे वाढतात तशी ही मालिका लांबते, चौकट मात्र तीच राहते. वर्णन जवळजवळ नाहीच. देशनामांची लयबद्ध आवृत्ती हाच तिचा रस होय. चोळांची राजमुद्राही हेच दृश्य रूपात सांगते. मध्यभागी बसलेला वाघ, शेजारी पांड्यांचे दोन मासे व चेरांचे धनुष्य, वर छत्र. जिंकलेल्यांची चिन्हे पुसून न टाकता ती आपल्या चिन्हाशेजारी बसविणे, ही मुद्रेची आणि मेय्‌कीर्तीची समान रीती आहे.

या यादीत ‘इरट्टपाडी साडेसात लक्ष’ हा चालुक्यांचा दख्खनी मुलूखही येतो. तमिळ लेखात हे केवळ एक भारदस्त पद आहे. परंतु सत्याश्रय चालुक्याच्या काळातील होट्टूरच्या कन्नड लेखात (शके ९२९, इ. स. १००७) चोळ सैन्याने केलेली लूट आणि स्त्रिया, बालके व ब्राह्मण यांची हत्या नोंदलेली आहे. अर्थात हाही विरोधी पक्षाचाच लेख. चोळांना पिटाळल्याचे श्रेय तो आपल्या राजास देतो. तरीही मेय्‌कीर्तीचे सौंदर्य कोणत्या मौनावर उभे आहे, हे त्यावाचून कळत नाही.

त्याच मंदिराच्या आवारात दुसऱ्या सरफोजीने १८०३ मध्ये भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. १७९९ च्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेला होता. येथे यादी नाही, कथन आहे. बखरीचे गद्य दगडावर उतरले आहे. राजराजाला आपली सत्ता सिद्ध करावयाची नव्हती, म्हणून त्याला नावे पुरली. सत्ता गमावलेल्या राजाला वंशाची संगती लावून सांगावी लागली. मेय्‌कीर्तीच्या तुलनेत हा लेख पाल्हाळिक ठरेल, पण तो पाल्हाळ गरजेतून आलेला आहे. मराठी गद्याच्या इतिहासकारांनी बखरींच्या बरोबरीने त्याचे वाचन करावयास हवे, आणि ते करताना शेजारच्या तमिळ भिंतीकडे पाठ फिरवू नये.