शहराचे मूळ कोणाच्या हाती? : ‘अ सिटी इज नॉट अ ट्री’ या निबंधाचे पुनर्वाचन

ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांचा ‘अ सिटी इज नॉट अ ट्री’ हा निबंध १९६५ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत ‘आर्किटेक्चरल फोरम’ या अमेरिकन मासिकात दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्याला आता साठ वर्षे होऊन गेली. नगररचनेवरची पुस्तके सहसा त्या त्या पिढीच्या इमारतींबरोबर जुनी होतात. हा छोटेखानी निबंध मात्र अजून वाचला जातो, आणि वास्तुशास्त्राशी काडीचा संबंध नसलेल्या आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांतही त्याचा चांगलाच दबदबा आहे. अलेक्झांडर व्हिएन्नात जन्मले, इंग्लंडमध्ये वाढले, केंब्रिजला गणित आणि वास्तुशास्त्र शिकले आणि पुढे बर्कलीला प्राध्यापक झाले. २०२२ साली ससेक्समध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या १९७७ च्या ‘अ पॅटर्न लँग्वेज’ या ग्रंथावरून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी ‘पॅटर्न’ ही कल्पनाच उचलली.

मंडळाच्या पुरवणीत हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. आपण बहुतेक सगळी शहरांतून शहरांत आलेली माणसे. मागे सोडलेली मुंबई दर खेपेला थोडी अधिक अनोळखी वाटते, आणि इथले गाव वीस-वीस वर्षे राहूनही ‘आपले’ वाटेलच असे नाही. असे का होते, याचा विचार करताना हा निबंध फार उपयोगी पडतो. मात्र एका ठिकाणी तो अपुरा आहे असे माझे मत आहे, आणि नेमके तेच ठिकाण आज महत्त्वाचे झाले आहे.

निबंधातला मुद्दा शाळेत शिकलेल्या संचांच्या आधारे सांगता येतो. ‘ट्री’ म्हणजे अंगणातले झाड नव्हे, तर ऑफिसातल्या अधिकाऱ्यांच्या तक्त्यासारखी रचना. तीत कोणतेही दोन संच घ्या, एकतर एक दुसऱ्याच्या पूर्ण पोटात असतो, नाहीतर दोघांचा काही संबंध नसतो. नगररचनाकार शहराचे विभाग पाडतो, विभागांच्या वसाहती पाडतो, आणि प्रत्येक वसाहतीला तिची शाळा, तिची दुकाने, तिची बाग वाटून देतो. जिवंत शहर असे नसते, असे अलेक्झांडर म्हणतात. त्यात संच एकमेकांवर चढलेले असतात, आणि जिथे ते चढतात त्या सामाईक भागालाही स्वतःचे जीवन असते. अशा रचनेला गणितात ‘सेमिलॅटिस’ म्हणतात.

त्यांनी दिलेले उदाहरण बर्कलीतल्या एका नाक्याचे आहे. औषधांच्या दुकानाबाहेर वर्तमानपत्रांची घडवंची, समोर सिग्नल. सिग्नल लाल असला की माणसे थांबतात, थांबली की मथळे वाचतात, आणि काहीजण पेपर विकत घेतात. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. बसथांबा, पानपट्टी आणि वडापावची गाडी ही तिन्ही एकमेकांच्या जिवावर जगतात, आणि महापालिकेच्या नकाशात मात्र त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

दोन रचनांतला फरक किती मोठा? वीस घटक घेतले, तर ‘ट्री’मध्ये त्यांचे जास्तीत जास्त १९ आणखी उपसंच बसतात, सेमिलॅटिसमध्ये दहा लाखांहून अधिक बसू शकतात. शहराच्या श्रीमंतीचा इतका नेटका हिशेब त्यापूर्वी कोणी मांडल्याचे मला ठाऊक नाही.

निबंधाचे दुसरे बळ त्याच्या निर्भीडपणात आहे. अ‍ॅबरक्रॉम्बी आणि फोरशॉ यांचा लंडनचा १९४३ चा आराखडा, ल कॉर्ब्युझिए यांचे चंडीगड, ब्रासिलिया, केन्झो टांगे यांचे टोकियो अशी मोठमोठी नावे घेऊन, ही सारी ‘ट्री’च आहेत असे त्यांनी दाखवले. विशेष म्हणजे त्यात त्यांची स्वतःचीही झाडाझडती होती. वर्षभर आधीच, १९६४ साली, ‘नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म’ या ग्रंथात त्यांनी भारतातल्या ६०० वस्तीच्या खेड्याच्या १४१ गरजा काढून त्यांची पद्धतशीर उतरंड लावली होती. म्हणजे ती रचना ‘ट्री’चीच होती. माणसाच्या मनाला गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत घालायची खोड असते, हे त्यांचे निदान म्हणूनच ऐकीव वाटत नाही.

आता हे तत्त्व आपल्या ओळखीच्या जागी लावून पाहू. आपल्या पुष्कळ कुटुंबांना मिल्टन कीन्स परिचयाचे आहे. जानेवारी १९६७ मध्ये या नव्या नगराची घोषणा झाली आणि १९७० मध्ये त्याचा आराखडा प्रसिद्ध झाला. सुमारे एकेक किलोमीटरवर मोठे रस्ते आणि त्यांच्यामधल्या चौकटींत वस्त्या, असे त्याचे स्वरूप. पण आराखडा करणाऱ्यांना बंद वसाहती नको होत्या. दुकाने, शाळा, थांबे चौकटींच्या कडेला ठेवावेत, म्हणजे दोन्ही बाजूंची माणसे तिथे येतील आणि कोणाला कुठे जायचे ते ज्याचे तो ठरवील, असा त्यांचा विचार होता. संच एकमेकांवर चढावेत, हीच ती कल्पना.

प्रत्यक्षात मोठे रस्ते भरधाव वाहतुकीचे झाले, त्यांच्या कडेला झाडांचे उंच पट्टे आले, आणि अनेक ठिकाणी दुकाने चौकटीच्या आत सरकली. २०२१ च्या जनगणनेत या नगराची वस्ती सुमारे २ लाख ८७ हजार भरली. ते हिरवेगार आहे, सोयीचे आहे, आणि ज्याच्याकडे गाडी आहे त्याचे संच तिथे हवे तेवढे एकमेकांवर चढतात. पण सहा महिन्यांसाठी आलेल्या आईला किंवा चौदा वर्षांच्या मुलाला तेच नगर बेटाबेटांचे वाटते. म्हणजे एकाच शहराची रचना कोणासाठी सेमिलॅटिस तर कोणासाठी ‘ट्री’ असू शकते. अलेक्झांडर शहराची रचना पाहतात. ती कोणाच्या वाट्याला कशी येते हा प्रश्न ते पुरेसा विचारीत नाहीत.

या उलट, कोणीही आराखडा न काढता संच एकमेकांवर चढलेली वस्ती पाहायची तर मुंबईचे गिरणगाव पाहावे. कोकण-घाटावरून आलेले कामगार गावकरी मंडळाच्या खोल्यांत राहत. गिरणी पाळ्यांत चाले, म्हणून खोलीतली झोपायची जागाही पाळ्यांत वाटलेली. जेवण खानावळवाल्या बाईंकडे. संध्याकाळी तोच माणूस भजनात, व्यायामशाळेत, युनियनच्या सभेत किंवा गणपतीच्या वर्गणीसाठी दारोदार. गाव, गिरणी, चाळ आणि युनियन यांच्या सीमा कुठेच जुळत नव्हत्या, आणि त्यातूनच एक संस्कृती उभी राहिली. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांच्या ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ (२००४) या मौखिक इतिहासात ती कामगारांच्याच तोंडून ऐकायला मिळते.

पण गिरणगावाने निबंधातल्या दोन उणिवाही उघड होतात. पहिली अशी की, स्वेच्छेने झालेली सरमिसळ आणि नाइलाजाने झालेली सरमिसळ यांत अलेक्झांडर फरक करीत नाहीत. सामाईक संडासाची रांग हीही सरमिसळच. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. त्यांना ‘तुमची सेमिलॅटिस गेली हो’ असे इथे मध्यवर्ती तापवणीच्या घरात बसून सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरी उणीव जास्त खोलवरची आहे. गिरणगाव कोणा नगररचनाकाराच्या कप्पेबंद बुद्धीने मोडलेले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. गिरण्या बंद पडत गेल्या आणि खालची जमीन सोन्याच्या मोलाची झाली. १९९१ च्या विकास नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि सार्वजनिक वाटा एकदम आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. तिथे आज दुकाने, कचेऱ्या, घरे, उपाहारगृहे सगळे शेजारीशेजारी आहे. नकाशावर पाहिले तर ती उत्तम सरमिसळ दिसते. पण या सगळ्याच्या दाराशी एकच पहारेकरी उभा असतो.

लंडनमध्ये हेच अधिक नीटनेटके झाले. गोदीच्या प्रदेशासाठी १९८१ मध्ये नेमलेल्या विकास महामंडळाने स्थानिक परिषदांकडचे नियोजनाचे अधिकार आपल्याकडे घेतले. ते १९९८ पर्यंत चालले. त्यातून उभ्या राहिलेल्या कॅनरी व्हार्फमधले चौक आणि बागा खासगी मालकीच्या आहेत. आपल्यातले कितीतरीजण तिथे नोकरीला जातात. डबा खायला बाकही छान आहेत. पण ऑक्टोबर २०११ मध्ये ‘ऑक्युपाय’वाले शेअर बाजारासमोरच्या पॅटर्नोस्टर स्क्वेअरमध्ये जमायला गेले तेव्हा तो चौक खासगी असल्याचे सांगून त्यांना अडवण्यात आले, आणि त्यांनी शेजारच्या सेंट पॉल्ससमोर तंबू ठोकले. पुढच्याच महिन्यात कॅनरी व्हार्फच्या मालकांनीही न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवला. किंग्ज क्रॉसच्या नव्या परिसरात चेहरे ओळखणारी यंत्रणा काही काळ वापरली गेल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले.

युनिक्स वापरणाऱ्यांना ‘रूट’ म्हणजे काय ते सांगायला नको. फायली आणि दुवे कितीही गुंतागुंतीने जोडलेले असोत, ‘रूट’चा अधिकार ज्याच्याकडे तो एका आज्ञेने सारे पुसू शकतो. आजच्या शहरांचे हेच झाले आहे. रचनाकारांनी अलेक्झांडर यांचा धडा चांगलाच गिरवला, आणि ‘मिश्र वापर’ हा शब्द प्रत्येक विकासकाच्या माहितीपत्रकात आला. चित्र सेमिलॅटिसचे झाले, अधिकाराचे मात्र ‘ट्री’च राहिले. म्हणून साठ वर्षांपूर्वीच्या प्रश्नाला आज एक जोड द्यावी लागते: इथे कोण कोणाला भेटतो हे विचारावेच, पण ती भेट थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे हेही विचारावे.

हा प्रश्न आपल्या अगदी दाराशी आहे. आपला गणेशोत्सव, दिवाळीचे नाटक, शनिवारची मराठी शाळा हे सारे कुठे होते? शाळेच्या, चर्चच्या किंवा नगरपरिषदेच्या हॉलमध्ये. सकाळी बालवाडी, दुपारी ज्येष्ठांचा चहा, संध्याकाळी आपली लेझीम. अलेक्झांडर यांना अभिप्रेत असलेला संचांचा सामाईक भाग तो हाच. आणि नगरपरिषदांच्या तिजोऱ्यांत खडखडाट आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅमने ११४ कलमाखालची नोटीस काढली, आणि नंतर मालमत्ता विकणे व वाचनालयांची काटछाट करणे तिला भाग पडले.

लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ ची, आणि आज डॉलिस हिलमध्ये त्याची स्वतःची वास्तू आहे. हे प्रत्येक मंडळाला जमणार नाही. पण इंग्लंडमध्ये २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने एक मार्ग ठेवला आहे. लोकांच्या उपयोगाची वास्तू ‘समाजोपयोगी मालमत्ता’ म्हणून यादीत घालावी असा अर्ज स्थानिक संस्था करू शकते. नोंदणी नसलेल्या, नफा न वाटणाऱ्या गटालाही तो करता येतो, फक्त त्यात किमान २१ स्थानिक मतदार सभासद हवेत. अशी वास्तू विकायला निघाली तर खरेदीची तयारी करायला सहा महिन्यांपर्यंत अवधी मिळू शकतो. मालकाने आपल्यालाच विकावी असे बंधन नाही, त्यामुळे हे काही रामबाण औषध नव्हे. तरीही एकवीस माणसे गोळा करणे मराठी मंडळांना अवघड जाऊ नये. आपल्याकडे तेवढी माणसे कार्यकारिणीच्या निवडणुकीतच उभी असतात!

अलेक्झांडर यांचा निबंध अवश्य वाचावा. वाचून झाल्यावर आपण ज्या हॉलमध्ये आरती करतो, त्याचा मालक कोण आणि तो यादीत आहे का, हे एकदा विचारून यावे.