पाहुणे की उमेदवार?

उन्हाळी सुट्टीत हुशार विद्यार्थ्यांना एखाद्या संशोधन संस्थेत काही आठवडे काम करू द्यावे, ही कल्पना शिक्षकांना आणि पालकांना सारखीच आवडते. शाळेतले प्रयोग म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेली कोडी. खरे संशोधन जेथे चालते तेथे मूल गेले की विज्ञान म्हणजे काय हे त्याला आपोआप कळेल, असा त्यामागचा विश्वास असतो. या ‘आपोआप’ची थोडी तपासणी येथे करावयाची आहे.

एक लाडके उदाहरण

अशा उपक्रमांच्या समर्थनार्थ अमेरिकेतील एक उदाहरण वारंवार दिले जाते. डेव्हिड बाल्टिमोर यांनी शाळेत असताना एक उन्हाळा मेन राज्यातील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत घालवला. तेथे त्यांची हॉवर्ड टेमिन यांच्याशी भेट झाली. पुढे 1970 मध्ये या दोघांनी स्वतंत्रपणे असे दाखवून दिले की काही विषाणूंमध्ये आरएनएवरून डीएनए तयार करणारे विकर असते. 1975 चे नोबेल पारितोषिक दोघांना रेनातो दुल्बेको यांच्यासह मिळाले. त्या उन्हाळ्यानेच आपल्याला जीवशास्त्राकडे वळवले, असे बाल्टिमोर सांगत असत.

उदाहरण खरे आहे आणि सुंदरही आहे. परंतु त्यावरून निष्कर्ष काढताना विज्ञानाच्या शिक्षकाने सावध असावे. अशा ठिकाणी जाणारी मुले मुळातच निवडलेली असतात. ती तेथे गेली नसती तर काय झाले असते, हे आपल्याला ठाऊक नसते. खत घातलेल्या झाडाची वाढ सांगायची आणि शेजारच्या बिनखताच्या झाडाचा उल्लेखच करायचा नाही, असे विद्यार्थ्याने केले तर आपण त्याला गुण देत नाही. तीच कसोटी इथेही लावली पाहिजे.

हात शिकतात, डोके?

सुदैवाने काही अभ्यासकांनी हा प्रश्न थेट विचारला. रँडी बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शालेय विद्यार्थ्यांच्या आठ आठवड्यांच्या उमेदवारीचे परीक्षण केले आहे. विद्यार्थी दहाच होते, तेव्हा त्यावरून सार्वत्रिक नियम बांधता येणार नाही. तरीही आढळले ते विचार करायला लावणारे आहे. संशोधनाची कार्यपद्धती बहुतेकांना पूर्वीपेक्षा अधिक समजली. पण वैज्ञानिक ज्ञान कसे बनते, ते बदलू का शकते, त्यात कल्पनाशक्तीचा वाटा किती, याविषयीच्या त्यांच्या समजुती जवळजवळ जशाच्या तशा राहिल्या. लक्षणीय फरक एकाच विद्यार्थ्यात दिसला. त्याच्या बाबतीत दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या: कामाने त्याच्याकडून विचाराची मागणी केली आणि केलेल्या कामाकडे मागे वळून पाहण्याची संधी त्याला मिळाली.

याचे कारण समजणे अवघड नाही. चालू संशोधनाचा प्रश्न अनेक वर्षांचा असतो आणि विद्यार्थी येतो सहा-आठ आठवड्यांसाठी. साहजिकच त्याच्या वाट्याला मोठ्या कामाचा एक कापून दिलेला तुकडा येतो: नमुने मोजणे, द्रावणे करणे, संगणकात आकडे भरणे. हे काम हलके आहे असे नाही. उमेदवारी अशीच सुरू होते. परंतु तुकडा कशाचा आहे आणि उत्तर उलटे आले तर काय मानायचे, हे कोणी बोललेच नाही तर मूल कौशल्य घेऊन परतते आणि विज्ञान मात्र तेथेच राहते.

एकच जुना प्रश्न

याउलट ‘समर सायन्स प्रोग्राम’ या अमेरिकी उपक्रमाची रचना पाहण्यासारखी आहे. तो 1959 मध्ये कॅलिफोर्नियातील ओहाय येथे सुरू झाला. खगोलशास्त्राच्या गटाला वर्षानुवर्षे एकच काम दिले जाते: एक लघुग्रह दुर्बिणीतून टिपायचा आणि त्याची कक्षा स्वतः काढायची. पूर्वी छायापट्ट्या आणि हिशेबयंत्रे होती; आता इलेक्ट्रॉनिक कॅमेरे आणि विद्यार्थ्यांनीच लिहिलेले संगणकीय कार्यक्रम आहेत.

हे काम कसे चालते? एका रात्रीच्या चित्रावरून लघुग्रहाचे आकाशातील स्थान दोन कोनांनी मिळते. वेगवेगळ्या रात्रींची तीन निरीक्षणे म्हणजे सहा आकडे. कक्षा ठरवायलाही सहाच राशी लागतात. गाऊसने 1801 मध्ये हरवलेला सेरेस शोधण्यासाठी जी वाट काढली, तीच ही. हिशेब बरोबर आहे की चूक, हे पुढच्या एखाद्या रात्री दुर्बीणच सांगते: भाकीत केलेल्या जागी लघुग्रह असतो किंवा नसतो.

‘यात नवे काय?’ असा आक्षेप कोणी घेईल. प्रश्न जुना आहे हे खरे. पण निरीक्षणापासून भाकितापर्यंतची संपूर्ण साखळी विद्यार्थ्याच्या हातात आहे. चूक झाली तर ती त्याची, आणि शोधायचीही त्यानेच. शालेय वयात नावीन्यापेक्षा ही मालकी अधिक मोलाची आहे, असे मला वाटते.

प्रमाणपत्रांचा बाजार

मालकी बाजूला पडून प्रमाणपत्र पुढे आले की काय होते, हेही अमेरिकेतच दिसते. एमआयटीमध्ये भरणाऱ्या ‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’सारख्या, शुल्क न घेणाऱ्या उपक्रमांत जागा फार थोड्या आहेत. विद्यापीठ-प्रवेशासाठी मात्र ‘संशोधन केले’ हा शेरा सर्वांनाच हवा असतो. ही पोकळी भरून काढायला भरमसाट शुल्क घेणाऱ्या खासगी कंपन्या उभ्या राहिल्या. मुलांच्या नावावर शोधनिबंध छापून येतील अशी व्यवस्था करणाऱ्या या व्यवसायावर ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेने 2023 मध्ये प्रकाश टाकला. येथे विकला जातो तो केवळ निबंध नव्हे; ऐपत असेल तर शोधही विकत मिळतो, हा धडा मुलाला त्यासोबत मिळतो.

आपल्याकडचा दोष वेगळा आहे. केंद्र सरकारने डिसेंबर 2008 मध्ये सुरू केलेल्या ‘इन्स्पायर’ योजनेत दहावीच्या परीक्षेत वरच्या 1 टक्क्यात आलेल्या विद्यार्थ्यांसाठी शिबिरांची तरतूद झाली. त्यांचा किमान कालावधी पाच दिवसांचा. थोर शास्त्रज्ञांची व्याख्याने ऐकून आणि उपकरणे पाहून मुले भारावून येतात, हा लाभ मी कमी लेखत नाही. पण या भागाचे नाव होते ‘इंटर्नशिप’. पाच दिवसांत पाहुणचार होतो, उमेदवारी होत नाही. शिवाय निवड गुणांवर. म्हणजे मोटार खोलून पाहणारी, पण भाषेत मागे पडलेली मुलगी या दारापर्यंत पोचतच नाही.

शिक्षकाच्या हाती काय?

विद्यार्थी अशा ठिकाणी निघाला तर त्याला तीन प्रश्न लिहून द्यावेत. माझ्या तुकड्याने कोणत्या मोठ्या प्रश्नाचे उत्तर मिळणार आहे? कोणता निकाल आला असता तर आमचा अंदाज चुकीचा ठरला असता? हे आम्हाला कशावरून कळले? परत आल्यावर प्रमाणपत्र पाहण्याआधी ही उत्तरे वर्गात ऐकावीत. वर सांगितलेल्या अभ्यासातील तो एक विद्यार्थी ज्यामुळे बदलला, ते काम शाळेतही करता येते.

आणि ज्यांच्या गावाजवळ संशोधन संस्था नाही त्यांचे काय? त्यांना एक मीटर उंचीची सरळ काठी पुरते. सावंतवाडीपासून नंदुरबारपर्यंत महाराष्ट्रात मे महिन्यातील एका दिवशी मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. एप्रिलच्या मध्यापासून रोजची सर्वांत आखूड सावली मोजावी, आलेख काढावा आणि आपल्या गावचा शून्यसावलीचा दिवस आधीच सांगावा. पुण्यात 15 एप्रिलला ही सावली 15 ते 16 सेंटिमीटर भरेल, 1 मे रोजी सुमारे 6. सरळ रेषा पुढे वाढवली तर उत्तर 11-12 मे येते; प्रत्यक्षात सावली नाहीशी होते 13-14 मेच्या सुमारास. हा फरक कुठून आला? काठी कलली होती, की सूर्याचे उत्तरेकडे सरकणे मंदावत होते? या प्रश्नावर मुले भांडू लागली की त्यांना उत्तर लगेच सांगू नये. त्यांची उमेदवारी तेथेच सुरू झालेली असते.