‘३५ टक्के’ हा आकडा नक्की काय सांगतो?

नव्या नर्सेसच्या चिकित्सक विचारांवरचे पेपर वाचायला घेतलेत, तर डोरोथी डेल ब्युएनो तुम्हाला लवकरच भेटतील. २००५ साली त्यांनी ‘चिकित्सक विचारातलं संकट’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. अमेरिकेत नुकत्याच पास होऊन कामाला लागलेल्या नर्सेसपैकी फक्त ३५ टक्के नर्सेसची क्लिनिकल निर्णयक्षमता अपेक्षेइतकी आहे, हा त्यातला निष्कर्ष. पुढे हाच आकडा ‘नव्या मुलींना विचारच करता येत नाही’ याचा पुरावा म्हणून फिरत राहिला.

पण मोजलं कसं, ते बघा. नर्सला पेशंटचे छोटे व्हिडिओ दाखवायचे. प्रॉब्लेम काय, आधी काय करणार, का करणार, हे तिने लिहून द्यायचं. पाठांतर तपासणाऱ्या परीक्षेपेक्षा हे नक्कीच बरं. अभ्यासक्रमात माहिती कोंबली जाते, पण ती वापरायला शिकवत नाहीत, ही लेखातली तक्रारही मला पटते.

आक्षेप दोन आहेत. एक, चाचणी लेखिकेनेच विकसित केलेली आणि आकडे ती वापरणाऱ्या हॉस्पिटलांमधले. म्हणजे हे सगळ्या नव्या नर्सेसचं प्रातिनिधिक सॅम्पल नव्हे. दुसरा जास्त महत्त्वाचा. क्रिस्टीन टॅनर यांच्या २००६ च्या मॉडेलमध्ये निर्णयाची पहिली पायरी आहे ‘लक्षात येणं’. मग अर्थ लावणं, कृती करणं आणि त्यावर फिरून विचार करणं. आणि लक्षात येणं हे नर्स पेशंटला किती ओळखते, वॉर्डात काय परिस्थिती आहे, यावरही ठरतं. ‘आजी सकाळी छान बोलत होत्या, आता गप्प आहेत’ हे कळायला सकाळी आजींपाशी दोन मिनिटं थांबता आलेलं असावं लागतं. व्हिडिओत ते मोजता येत नाही.

ती दोन मिनिटं मिळतात का? लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नर्समागे एक पेशंट वाढला, की सर्जरीच्या पेशंटच्या ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त दिसली. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव यातून सिद्ध होत नाही. तरी ३५ टक्क्यांच्या शेजारी ठेवून वाचावा असा आहे.

कारण नुसते ३५ टक्के वाचले, तर उपाय एकच सुचतो: तिला आणखी एक कोर्स लावा. दोन्ही आकडे वाचलेत, तर तुम्ही आधी ड्युटीचा तक्ता मागाल.