गावाची बातमी, देशाची बातमी

जुलै २०१८ मधील मुसळधार पावसात चिंचोटीच्या धबधब्यावर शंभराहून अधिक पर्यटक अडकून पडले आणि एका दिवसात कामण परिसराचे नाव देशभरच्या वाहिन्यांवर झळकले. आपत्ती निवारण पथके आली, अग्निशमन दल आले, वाट ठाऊक असलेले स्थानिक तरुण धावले. एका पर्यटकाने प्राण गमावला. बाकीचे सुखरूप परतले. बातमी मोठी होती आणि ती दिली गेली, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु त्याच चिंचोटीहून कामणमार्गे भिवंडीला जाणारा जो रस्ता आहे, त्याची कथा वेगळी आहे. अहमदाबाद महामार्गावरून भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे अवजड कंटेनर त्याच रस्त्याने जातात. दर पावसाळ्यात त्याची चाळण होते आणि शाळेची मुले, कारखान्यांतील कामगार, रुग्ण हे सारे त्या कोंडीत तासन् तास अडकतात. ही बातमीही छापून येते. पण ती ठाणे-पालघरच्या पुरवणीत येते आणि तिथेच विझते. धबधबा पावसाळ्यापुरता वाहतो. रस्ता बारा महिने लागतो.

मोठ्या शहरांतील वृत्तपत्रे आणि वाहिन्या लहान गावांकडे दुर्लक्ष करतात, असे आपण नेहमी म्हणतो. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. लहान गावांच्या बातम्या देशभर जातात आणि कधी कधी तर आठवडेच्या आठवडे गाजत राहतात. खरा प्रश्न हा की शंभर घटनांतून एक घटना नेमकी कोण उचलतो, आणि कशासाठी?

याची व्यावहारिक कारणे कोणीही सांगेल. तालुक्याचा वार्ताहर बहुधा पगारी नसतो. छापून आलेल्या मजकुरावर त्याचे मानधन ठरते. त्याने पाठविलेली बातमी जिल्ह्याच्या टेबलावर कापली जाते, मुंबईच्या टेबलावर आणखी कापली जाते आणि वृत्तसंस्थेने उचलली तरच दिल्लीला पोहोचते. वाहिन्यांचे गणित याहून रोकडे आहे. किती घरांत कोणती वाहिनी पाहिली जाते, हे निवडक घरांत बसविलेल्या यंत्रांवरून ठरते आणि त्यावर जाहिरातीचे दर ठरतात. २०१५ पर्यंत ही मोजणी केवळ शहरांत होत असे. जो प्रेक्षक मोजलाच जात नाही, त्याच्या गावचा रस्ता दाखविण्यात कोणाला रस असणार? पी. साईनाथ यांनी २००६ मध्ये एक आकडा मांडला होता. मुंबईतील एका फॅशन सोहळ्यासाठी ५१२ पत्रकारांनी अधिकृत नोंदणी केली होती. त्या सोहळ्याचा विषय सुती कपडे हा होता. आणि तो कापूस पिकविणाऱ्या विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे सातत्याने वार्तांकन करणारे राष्ट्रीय पत्रकार मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेल्या आदिवासी शेतकऱ्यांना सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबई गाठावी लागली, तेव्हा कुठे त्यांच्या वनजमिनीच्या हक्काची बातमी देशाची झाली. तीही बव्हंशी त्यांच्या रक्ताळलेल्या पायांच्या छायाचित्रांमुळे झाली. वार्ताहर गावाकडे गेला नाही, म्हणून गावच वार्ताहराकडे चालत आले.

तथापि पैसा आणि अंतर ही कारणे पुरेशी नाहीत. १९६५ मध्ये योहान गाल्टुंग आणि मारी रूगे या नॉर्वेतील अभ्यासकांनी काँगो, क्यूबा आणि सायप्रस येथील संघर्षांच्या बातम्या आपल्या देशाच्या दैनिकांत कशा आल्या, हे तपासले. घटना अनपेक्षित असावी, वाईट असावी, थोरामोठ्यांशी निगडित असावी, अशा बऱ्याच अटी त्यांना आढळल्या. त्यांतील एक अट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. घटना अनपेक्षित असावी खरी, परंतु ती आपल्या मनात आधीपासून असलेल्या समजुतीत बसावी. म्हणजे साचा आधी तयार असतो, घटना नंतर शोधली जाते. आमच्या जिल्ह्याने याचा अनुभव फार जवळून घेतला आहे.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी चालू होती. डहाणू तालुक्यात रात्री मुले पळविणारे, अवयव काढून नेणारे लोक वेष पालटून फिरत आहेत, अशा अफवा भ्रमणध्वनीवरून पसरल्या होत्या आणि पाड्यापाड्यांवर गस्ती सुरू झाल्या होत्या. १४ एप्रिल रोजी कासा परिसरातील सारणी येथे अन्नधान्य वाटून परतणारे एक डॉक्टर आणि त्यांचे सहकारी यांच्यावर जमावाने हल्ला केला. पोलिसांनी त्यांना कसेबसे वाचविले. देशाने ही बातमी वाचली नाही. दोनच दिवसांनी, १६ एप्रिलच्या रात्री, गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचे वाहनचालक यांची जमावाने पोलिसांदेखत हत्या केली. ते कांदिवलीहून सुरतेला एका अंत्यविधीसाठी निघाले होते. दुसऱ्या दिवशी ती बातमी आली, ती चोर समजून तिघांचा बळी, अशा चार ओळींत. तीन दिवसांनी, १९ एप्रिलला, हत्येची चित्रफीत सर्वत्र पसरली आणि मग मात्र रात्रंदिवस दुसरा विषय उरला नाही.

ही चित्रफीत पाहून कोणाचेही मन हेलावेल. त्या वृद्ध साधूचा पोलिसाच्या हाताला धरलेला हात आम्हाला विसरता आलेला नाही. हे कृत्य घृणास्पदच होते. त्याची बातमी व्हावयास हवी होती आणि पहिल्याच दिवशी व्हावयास हवी होती. परंतु देशभर जी गेली, ती गडचिंचलेची बातमी होती काय? आधी एका धर्माच्या लोकांकडे बोट दाखविले गेले. २२ एप्रिलला राज्याच्या गृहमंत्र्यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादीच जाहीर केली आणि तीत त्या धर्माचा एकही माणूस नाही, असे सांगितले. साचा रिकामा झाला. पण तो फेकून न देता त्यात दुसरे नाव भरले गेले. डाव्या संघटनांचे नाव आले आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांचेही आले. डहाणू-तलासरीच्या पाड्यांत वर्षानुवर्षे शाळा आणि दवाखाने चालविणाऱ्या धर्मभगिनी त्या दिवसांत आपल्याच गावांत कोणत्या नजरेला सामोऱ्या गेल्या असतील, याची कल्पना आमच्या वाचकांना वेगळी द्यावयास नको.

सारणीची घटना गडचिंचलेशेजारी ठेवली असती, तर हा सारा तर्क एका दिवसात कोसळला असता. अफवा तीच, भीती तीच, तालुका तोच. आणि तिथे मार खाणारा माणूस साधू नव्हता, धान्य देणारा डॉक्टर होता. साच्यात न बसणारी म्हणून सारणी वगळली गेली आणि ती वगळल्यामुळेच गडचिंचले साच्यात बसू शकली. दुर्लक्ष आणि गाजावाजा या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत, त्या एकाच निवडीच्या दोन बाजू आहेत, असे आमचे मत आहे. प्रत्यक्ष पाड्यावर जाऊन वारली कुटुंबांशी बोलणारे काही पत्रकार होते, हेही नमूद केले पाहिजे. त्यांनी लिहिलेले आजही वाचण्याजोगे आहे. रात्री नऊच्या चर्चेत त्यांना जागा नव्हती, इतकेच.

वसईलाही हा अनुभव नवा नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये वसईच्या एका तरुणीच्या दिल्लीत झालेल्या हत्येची बातमी कित्येक आठवडे चालली. प्रेत कोणत्या रीतीने नष्ट केले, याचे तपशील लहान मुलांच्या कानांवर पडतील इतक्या वेळा सांगितले गेले. तिचा आणि मारेकऱ्याचा धर्म त्याहून अधिक वेळा सांगितला गेला. त्या तरुणीने २०२० मध्येच नालासोपाऱ्यातील पोलीस ठाण्यात आपल्या जिवाला धोका असल्याचा लेखी अर्ज दिला होता. तो अर्ज दोन वर्षे बातमी झाला नाही. जिवंतपणी मदत मागणारी मुलगी ही आपल्याकडे बातमीच नसते. जून २०२४ मध्ये वसईतील चिंचपाड्याच्या भर रस्त्यात एका तरुणाने एका तरुणीला लोखंडी पान्याने ठार केले आणि लोक पाहत उभे राहिले. ती बातमीही देशभर गेली, कारण चित्रफीत होती. जव्हारच्या वावर-वांगणीत १९९२ मध्ये शंभराहून अधिक बालके कुपोषणाने आणि आजारांनी दगावली, तेव्हा अशी सोय नव्हती. उपासमारीची चित्रफीत निघत नाही. तिला फार वेळ लागतो. २०१६ मध्ये मोखाड्यातील कुपोषण पुन्हा मथळ्यांत आले, तेही एका मंत्र्यांच्या बेपर्वा उद्गारामुळे. उद्गार जुना झाला, तसे मोखाडाही मथळ्यांतून गेले.

सुखाच्या बातमीलाही हाच नियम लागतो. उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा मराठी साहित्य संमेलनाची एरवी दखल न घेणाऱ्या इंग्रजी वृत्तपत्रांनीही ती बातमी दिली. कशाची? एक ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष झाला आणि त्याला विरोध झाला, याची. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी केलेल्या भाषणात मराठी भाषेविषयी, पर्यावरणाविषयी, सहिष्णुतेविषयी काय होते, हे मराठी वाचकाने आपल्या भाषेतून जाणून घेतले. देशाने विरोधापुरते जाणले. पुढे ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे वाढवण बंदराची पायाभरणी झाली. सुमारे ७६ हजार कोटींचा हा प्रकल्प. त्या दिवशीचा देशव्यापी मथळा होता मालवणच्या पुतळ्याबद्दल पंतप्रधानांनी मागितलेल्या क्षमेचा. तो मथळा चूक होता, असे नव्हे. परंतु बंदराला वर्षानुवर्षे विरोध करणारा मच्छीमार त्याच जिल्ह्यात, त्याच दिवशी, तिसऱ्या परिच्छेदातही मावला नाही.

या प्रश्नाकडे आम्ही धर्मगुरू म्हणूनही पाहतो. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने समाजसंपर्काच्या साधनांविषयी स्वतंत्र आदेशपत्र काढले आणि माहिती मिळण्याचा समाजाचा हक्क मान्य केला. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ च्या जागतिक संपर्क माध्यम दिनासाठी योहानाच्या शुभवर्तमानातील प्रसंग निवडला. नाझरेथसारख्या खेड्यातून काही चांगले निघू शकेल काय, अशी शंका नथनेल घेतो आणि फिलिप त्याच्याशी वाद न घालता त्याला येऊन पाहावयास सांगतो. त्या संदेशात पोपमहोदयांनी पत्रकारांना बुटांचे तळवे झिजविण्याचे आवाहन केले होते. कार्यालयात बसून एकसारख्या बातम्या तयार करण्यावर टीका केली होती. नथनेल खोटारडा नव्हता, हे लक्षात घ्यावे. येशूने त्याच्या निष्कपटपणाची प्रशंसाच केली आहे. त्याच्या मनात नाझरेथविषयी केवळ एक तयार समजूत होती. आजचे बहुतेक संपादकही लबाड नसतात. त्यांच्याजवळ फिलिप नसतो.

येथे वाचकांचाही वाटा आहे. संध्याकाळी जपमाळ आटोपल्यावर आपल्या घरांत जी वाहिनी लागते, तिच्या आरडाओरड्याला आपणच बळ देत असतो. गडचिंचलेच्या वेळी मिशनऱ्यांवरील आरोपांनी व्यथित झालेली अनेक कुटुंबे त्याआधी दुसऱ्या समाजावरील तसल्याच आरोपांचे कार्यक्रम निमूटपणे पाहत होती. साचा दुसऱ्याच्या मापाचा असतो, तोवर तो कोणाला टोचत नाही.

मग गावाने करावे काय? १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला, विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले आणि हरित वसई संरक्षण समितीचा लढा उभा राहिला. बाहेरच्या वार्ताहरांना त्यात आकर्षण वाटले ते धर्मगुरू विरुद्ध गुंड या चित्राचे. परंतु पाण्याची पातळी, वाड्या, जमिनी यांविषयीचे लेखन ‘सुवार्ता’ मासिकासारख्या आपल्या नियतकालिकांत महिन्यामागून महिने होत राहिले. गुंडांची कथा शिळी झाल्यावरही लढ्याचा मुद्दा शिल्लक राहिला, तो या कंटाळवाण्या, चिकाटीच्या नोंदींमुळे. बाहेरून कोणी खरोखर समजून घ्यावयास आला, तर त्याच्या हाती द्यावयास काही होते.

कामणच्या रस्त्याविषयी असे काय आहे? कोणत्या पावसाळ्यात किती दिवस वाहतूक ठप्प झाली, परीक्षेच्या दिवशी किती मुले उशिरा पोहोचली, प्रसूतीसाठी निघालेली किती वाहने मध्येच अडकली, खड्डे कोणत्या तारखेला बुजविले आणि किती दिवसांत पुन्हा उघडले, पाड्यांवरील किती कुटुंबांनी कोणाकडे अर्ज दिले आणि त्या अर्जांवर काय शेरे पडले, अशी सलग वही कोणी ठेवल्याचे आमच्या पाहण्यात नाही. दिल्लीचा वार्ताहर उद्या चुकून चिंचोटीला उतरला, तर आपण त्याला पुन्हा धबधबाच दाखवू.