‘हीमोलिम्फ’ : सुटकेच्या पुढचा सवाल

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक प्रवासी ठार झाले, आठशेवर जखमी झाले. या खटल्यात तेरा मुसलमान आरोपी उभे राहिले. त्यांतले एक वाहिद शेख, पेशाने शिक्षक. त्यांच्या कहाणीवर सुदर्शन गमरे यांनी ‘हीमोलिम्फ’ हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. तो मे २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. वाहिदची भूमिका रियाझ अन्वर यांनी केली आहे.

हीमोलिम्फ म्हणजे कीटकांच्या शरीरात रक्ताच्या जागी फिरणारे द्रव. ते लाल नसते, म्हणून ते सांडले तरी कोणाला रक्त वाटत नाही. काही माणसांचे रक्तही असेच दिसेनासे झाले आहे, असे दिग्दर्शकाला सुचवायचे असावे. नाव अवघड आहे, पण नेमके आहे.

वाहिद शेख यांच्यावर मुंब्र्याच्या घरात दहशतवाद्यांना आसरा दिल्याचा आरोप होता. नऊ वर्षांच्या कैदेनंतर ११ सप्टेंबर २०१५ रोजी विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. पोलीस कोठडीतला छळ, कबुलीजबाबासाठीचा दबाव आणि घरच्यांची फरफट चित्रपटात सरळपणे येते. वर्गात फळ्यासमोर उभा राहणारा माणूस एका दिवसात ‘दहशतवादी’ कसा होतो, हे पाहताना बाभुळगावसारख्या गावातल्या उर्दू शाळेच्या मास्तरालाही आपल्या हजेरीपटाकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. ही या चित्रपटाची ताकद आहे.

त्याची मर्यादाही इथेच सुरू होते. कथा एकट्या वाहिदची आहे, आणि त्याच्या सुटकेने प्रेक्षकाला सुटल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्याच निकालात उरलेले बारा जण दोषी ठरले. पाच जणांना फाशी झाली, सात जणांना जन्मठेप. त्यांतला एक २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात असतानाच वारला. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. तोवर त्याच्या कबरीला चार वर्षे झाली होती.

उच्च न्यायालयाचा तो निकाल चित्रपटाच्या पुढचा भाग म्हणून वाचावा. एरवी पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. मोक्का कायद्यात मात्र अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला जबाब चालतो. या खटल्याचा मोठा भार अशाच जबाबांवर होता. त्यांतले मजकूर एकमेकांशी जुळत असल्याचे न्यायालयाला आढळले. दोन उत्तरपत्रिकांत तीच वाक्ये आली की आम्ही मास्तर काय समजतो, ते सांगायला नको. शंभराहून अधिक दिवसांनी आरोपीचा चेहरा आठवल्याचे सांगणाऱ्या टॅक्सीचालकांची साक्षही टिकली नाही. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलै २०२५ रोजी त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही.

निकालातली एक गोष्ट आपण विशेष लक्षात घ्यावी. गुन्हा उलगडल्याचा खोटा देखावा उभा केला की समाजाला फसवे समाधान मिळते आणि खरा धोका मोकळा राहतो, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय आहे. मग ते स्फोट केले कोणी? हा सवाल ‘हीमोलिम्फ’ विचारत नाही.

दक्षिण कोरियाचे दिग्दर्शक बाँग जून-हो यांनी २००३ मध्ये ‘मेमरीज ऑफ मर्डर’ हा चित्रपट केला. ह्वासाँग भागातल्या स्त्रियांच्या खुनांचा उलगडा तेव्हा झालेला नव्हता. पोलीस संशयितांना मारझोड करतात, कबुल्या घेतात, आणि खुनी निसटतो. शेवटी जुना तपास अधिकारी थेट प्रेक्षकांकडे पाहतो. २०१९ मध्ये डीएनए चाचणीतून खरा खुनी कळला. त्यांतल्या एका खुनासाठी सुमारे वीस वर्षे तुरुंगात राहिलेला निरपराध माणूस २०२० मध्ये निर्दोष ठरला. तो आत होता, तेव्हा त्या खुनाची फाईल बंद होती.

आपल्याकडे या विषयावर बोलताना आपण बहुधा अर्ध्यावर थांबतो. बेगुनाह सुटला की मिठाई वाटतो, मुलाखती ऐकतो आणि उठतो. त्या डब्यांत मेलेले प्रवासी कोणत्या धर्माचे होते, हे बॉम्बने विचारले नव्हते. त्यांच्या घरच्यांना १९ वर्षांनी कळले की ज्यांच्या शिक्षेत त्यांनी समाधान शोधले, त्यांच्यावरचा गुन्हा शाबितच झाला नाही. त्यांची बाजूही आपणच मांडली पाहिजे. खरा गुन्हेगार सापडावा यात सर्वांत मोठा फायदा संशयाखाली जगणाऱ्यांचाच आहे.

वाहिद शेख यांनी तुरुंगात कायद्याचे शिक्षण घेतले, उर्दूत ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक लिहिले आणि मागे राहिलेल्या साथीदारांसाठी सुटकेनंतरही झगडत राहिले. त्यांचे आयुष्य चित्रपटाच्या शेवटापेक्षा पुढे गेले आहे. वाचकांनी ‘हीमोलिम्फ’ जरूर पाहावा, घरच्या तरुण मुलांना दाखवावा. नंतर त्यांना एवढेच विचारावे: वाहिद सुटला, पण त्या प्रवाशांना मारले कोणी?